छोट्या गावातले तऱ्हेवाईक विनोदी सिनेमे पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात?

प्रश्न असा आला आहे: 'मी मूळचा बार्शीचा, नोकरीसाठी सहा वर्षं पुण्यात वाकडला राहतो. वळू, देऊळ, एलिझाबेथ एकादशी हे सिनेमे किती वेळा बघितले याची मोजदाद नाही. गोष्ट म्हणाल तर बैल पकडायचा, सायकल वाचवायची, एवढीशी. तरी गोडी कमी का होत नाही? माझ्याही डोक्यात आमच्याकडच्या पाणी सोडणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. एके दिवशी त्याची व्हॉल्व्हची चावी हरवते. एवढ्यावर सिनेमा होईल का?'

होईल. त्या चावीकडे शेवटी येतोच, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे.

मी पुण्यात पंचवीस वर्षं सिनेमांच्या संकलनाचं काम करतो. विनोदी प्रसंग कापताना माणूस जितका शिकतो तितका दुसऱ्या कशानेच शिकत नाही, कारण तिथे चुकलं की थिएटरातली शांतता लगेच सांगते. त्या अनुभवावरून माझं मत असं झालं आहे की या सिनेमांमध्ये कोणीच विनोद करत नसतं. प्रत्येक माणूस आपापल्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याचं काम आपल्याला बाहेरून केवढंसं दिसतं आणि त्याला केवढं मोठं वाटतं, या दोन मापांमधल्या फरकातून हसू येतं. आणि तो फरक आपण हसून झाल्यावरही मनात राहतो, कारण थोडा विचार केला की त्याचंच माप बरोबर होतं असं वाटायला लागतं.

'वळू' घ्या. २००८चा सिनेमा, दिग्दर्शन उमेश कुलकर्णींचं, ते आपल्या इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कुसवडे गावात देवाला सोडलेला एक वळू आहे, डुरक्या. गावात काही मोडलं, सांडलं, बिघडलं की त्याचं खापर डुरक्यावर. त्याला धरायला वन खात्याचा अधिकारी येतो. अधिकाऱ्याची पंचाईत अशी की त्याचं खातं जंगली जनावरांचं, आणि हा तर गावातलाच बैल. सोबत त्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन आलेला, त्याला माहितीपट करायचाय. आता गावाला दोन उद्योग मिळाले, बैल धरणं आणि कॅमेऱ्यासमोर येणं. सरपंचाला त्यात आपलं वजन दाखवायचंय, विरोधकाला सरपंचाचं वजन उतरवायचंय. बैल मात्र बैलासारखा हिंडतोय. यातला एकही माणूस 'मी गमतीदार आहे' असं समजून वागत नाही. म्हणूनच दहाव्यांदा बघतानाही तुम्हाला एखाद्या कोपऱ्यातला नवा माणूस सापडतो, ज्याचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं आणि ते आधी तुमच्या नजरेतून सुटलेलं असतं.

हे संकलनाच्या टेबलावर कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे मुद्दा नीट कळेल.

काही वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात चित्रित झालेला एक लघुपट माझ्याकडे आला. त्यात ग्रामसभेचा प्रसंग होता. गटाराच्या कामावरून एक वयस्कर गृहस्थ भाषण करतात. हे गृहस्थ नट नव्हते, गावातलेच होते, आणि गटाराचा प्रश्नही त्यांचा खराच होता. संवाद चांगले होते. मी पहिल्यांदा शिरस्त्याप्रमाणे कापलं: भाषण करणाऱ्याचा क्लोजअप, मग ऐकणाऱ्यांचे चेहरे, मग परत क्लोजअप. सातआठ जणांना दाखवलं. कोणी हसलं नाही.

मग मी लांबचा शॉट पुन्हा उघडला. साधारण चाळीस सेकंदांचा. भाषण करणाऱ्याच्या मागे, थोडा डावीकडे, एक माणूस माइकच्या वायरचा जॉइंट दोन बोटांत धरून उभा होता. जॉइंट ढिला होता, सोडला की खरखर. दिग्दर्शकाने त्याला उभं केलेलं नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळी माइक खरोखरच बिघडलेला, आणि गावातला तो माणूस आपणहून पुढे आलेला. भाषणाला जोर चढला की गृहस्थ माइक घेऊन दोन पावलं पुढे जात, की हाही जॉइंट धरून दोन पावलं पुढे. ते मागे वळले की हाही मागे. चेहरा असा, जणू ऑपरेशन टेबलावर कोणाची तरी शीर धरून उभा आहे.

मी सगळे क्लोजअप काढून टाकले आणि तो एकच शॉट अखंड ठेवला. भाषण संपल्यावर लगेच कापायचा मोह होतो. मी अजून चौदा फ्रेम थांबलो. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात तो माणूस आपल्या बोटांकडे बघतो, मग भाषण करणाऱ्याकडे बघतो: आता सोडू का? नंतर तो लघुपट जिथे जिथे दाखवला तिथे हसू त्या नजरेला आलं. गटाराच्या एकाही वाक्याला नाही. पण गंमत पुढेच आहे. हसून झाल्यावर लोकांना गटाराचा मुद्दा लक्षात राहिलेला असायचा. चर्चेत ते विचारायचे, 'मग झालं का ते काम?'

म्हणून तुम्ही विचारलेली गोडी मला त्या वायर धरणाऱ्या माणसाची वाटते. मोठ्या शहरातल्या गोष्टीत असा माणूस फ्रेमबाहेर जातो, कारण तिथे माइक दुरुस्त करणारा वेगळा, भाषण करणारा वेगळा, आणि दोघांची ओळख नाही. गावात दोघं एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. वायर धरण्यातही काहीतरी जुनं देणंघेणं असतं. तालुक्याच्या गावाची ही खरी श्रीमंती आहे. एस. टी. स्टँड, त्याच्यासमोर झेरॉक्सचं दुकान, तहसील कचेरी, एक लॉज, एक मंगल कार्यालय, आठवड्याचा बाजार. झेरॉक्सवाल्याला गावातल्या प्रत्येक भांडणाची कागदपत्रं माहीत असतात, कारण प्रती त्याच्याकडेच निघालेल्या असतात. न्हाव्याला माहीत असतं कोणाच्या मुलीचं स्थळ कुठे बघायला चाललंय. अशा ठिकाणी काहीही लपत नाही, आणि लपवायची धडपड मात्र रोज चालू असते. विनोदी लेखकाला यापेक्षा सुपीक जमीन कुठे मिळणार?

आणि पुण्याला याचं एवढं वेड का, तर अर्धं पुणं तिथूनच आलेलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला उभे राहून बघा. बार्शी, फलटण, अकलूज, करमाळा, इंदापूर. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात घरच्यांसाठी बाकरवडीचा पुडा. या माणसाला शनिवारी गावात पाय ठेवला की कोणीतरी टोपणनावाने हाक मारतं, आणि सोमवारी तो पुन्हा ऑफिसातल्या गळ्यातल्या ओळखपत्रावरच्या नावाचा होतो. हा सिनेमा त्याला दोन तास ते टोपणनाव परत देतो. मी पुण्याच्या थिएटरांमध्ये हे बघितलंय: संवाद पुरा व्हायच्या आधीच पाठीमागच्या रांगेतून हसू सुटतं. ते लेखकाच्या विनोदाला नसतं, ते 'अरे, हा तर आपला अमुक' या ओळखीला असतं.

मराठी माणसाला या हसण्याची सवय सिनेमाने लावलेली नाही, हेही सांगायला हवं. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी एका मंचावर बसून गावोगाव कथाकथन केलं, तेव्हापासून आपले कान तयार झालेले आहेत. मिरासदार अकलूज-पंढरपूरकडचे, पुढे पुण्यात प्राध्यापक. गोष्ट सांगताना स्वतः हसायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पात्राच्या मूर्खपणालाही पूर्ण इभ्रतीने वागवायचं, ही शिस्त त्या कथाकथनात होती. मी शिकाऊ संकलकांना त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकायला लावतो. कुठे थांबायचं, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पुस्तकातून कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग हे आपल्या मातीपुरतंच आहे का? मुळीच नाही. कन्नडमधला 'तिथी' बघा, राम रेड्डींचा, २०१५चा. मंड्याकडच्या एका खेड्यात १०१ वर्षांचा म्हातारा मरतो. अकराव्या दिवसाचं जेवण घालायचं आहे. म्हाताऱ्याचा मुलगा स्वतःच म्हातारा, त्याला जमीनजुमल्याशी काही घेणंदेणं नाही, तो आपला रानोमाळ हिंडतोय. नातवाला मात्र जमीन विकायचीय, आणि बापाची सही मिळत नाही म्हणून तो जिवंत बापाला कागदावर मारायला निघतो. पणतू एका मेंढपाळ मुलीच्या मागे. काम करणारी माणसं सगळी त्या भागातलीच, व्यावसायिक नट कोणी नाही. तुम्हाला कन्नडचा एक शब्द येत नसला तरी तलाठी कचेरीतलं ते वातावरण तुम्हाला लगेच ओळखीचं वाटेल.

मल्याळममधला 'महेशिन्टे प्रतिकारम' (२०१६) इडुक्कीच्या डोंगरातला. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका सरळ माणसाला भर बाजारात मार बसतो, आणि तो शपथ घेतो की सूड घेईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. बस, एवढंच. पण दिग्दर्शक दिलीश पोथन यांनी सिनेमा सुरूच केलाय तो ओढ्यात चप्पल घासून घासून धुण्यापासून. ज्याचं चपलेवर एवढं प्रेम आहे त्याने ती सोडली म्हणजे काय सोडलं, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. आपल्याकडेही 'अमुक होईपर्यंत दाढी करणार नाही' म्हणणारे आजोबा गावात असतातच. त्यांच्यावर हसता हसता आपण त्यांच्या बाजूने कधी झालो ते कळत नाही.

दूरचं उदाहरण द्यायचं तर स्कॉटलंडमधला 'लोकल हिरो', १९८३चा, बिल फोर्सिथ यांचा. अमेरिकन तेल कंपनीचा माणूस समुद्रकाठचं एक अख्खं गाव विकत घ्यायला येतो. आपली अपेक्षा असते की गावकरी मातीसाठी लढतील. इथे गावकरी विकायला एका पायावर तयार, फक्त भाव वाढावा म्हणून तोंडावर दाखवत नाहीत. अडून बसतो तो वाळूवर झोपडी बांधून राहणारा एकटा म्हातारा. आणि कंपनीच्या माणसालाच गाव आवडायला लागतं. शेवटी तो परत अमेरिकेत, आपल्या उंच इमारतीतल्या घरात. खिशातून किनाऱ्यावरचे शिंपले काढतो. मग गावाचा लांबून शॉट, त्यात लाल टेलिफोन बूथ, आणि फोन वाजतो. सिनेमा संपला. संकलक म्हणून त्या शॉटला माझा कायम नमस्कार आहे. फोन करणाऱ्याचा चेहरा नाही, उचलणारा नाही, आणि गाव सोडून आलेल्या प्रत्येक माणसाच्या पोटात मात्र खड्डा पडतो. वाकडला राहून बार्शीला फोन लावणाऱ्याला मी यापेक्षा जास्त काय समजावणार?

या सिनेमांना 'हलकेफुलके' म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलाय, आणि नायकाच्या बायकोला धसका बसलाय की आपला नवराही तेच करील. ती पोराला त्याच्या मागावर ठेवते. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही, त्याला पेरणीची चिंता. पोरगं बापाच्या मागे मागे, बाप वैतागतोय, आणि आपण हसतोय. हसतोय आणि त्याच वेळी घशात आवंढा आहे. 'एलिझाबेथ एकादशी'तही तेच. पंढरपूर, कार्तिकी वारी, आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी गेलेलं, आणि वडिलांच्या हातची सायकल विकायची पाळी. मुलं गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात. न्यूटनला संत मानणारा तो पोरगा आपल्याला गोड वाटतो, पण त्याच्या डोक्यात हिशेब चाललाय तो घर वाचवायचा.

सगळ्यात धारदार उदाहरण मिलोश फोरमन यांचं आहे, 'फायरमेन्स बॉल', १९६७, चेकोस्लोव्हाकिया. छोट्या गावातलं अग्निशमन दल नाचगाण्याचा समारंभ ठेवतं. काम करणारे बरेचसे त्या गावातले खरेच बंबवाले. सोडतीसाठी मांडलेली बक्षिसं एकेक करून चोरीला जातात. समितीची बैठक बसते. तोडगा निघतो: दिवे घालवू, म्हणजे ज्यांनी घेतलंय ते अब्रू न जाता परत ठेवतील. दिवे जातात. दिवे येतात. तर एकच माणूस मांसाचा गोळा परत ठेवताना पकडला गेलेला, आणि उरलीसुरली बक्षिसंही गायब! प्रामाणिकपणा करायला गेला तोच चोर ठरला. १९६८ला सोव्हिएत रणगाडे आल्यावर या सिनेमावर बंदी आली. सत्तेला बंबवाल्यांच्या नाचाची भीती का वाटावी? कारण एका गावाची समिती इतक्या खरेपणाने दाखवली की बघणाऱ्याला आपल्याच देशाची समिती दिसली.

एवढं कौतुक केल्यावर हे बिघडतं कुठे तेही बोलतो, कारण तुम्हाला लिहायचं आहे.

पहिली गोष्ट बोली. पुण्यात बसून लिहिलेल्या गावाकडच्या पटकथा माझ्याकडे खूप येतात. त्यात प्रत्येक पात्र 'आवं' आणि 'व्हय जी' म्हणतं, मग गाव वऱ्हाडातलं असो की माणदेशातलं. बार्शीचा माणूस कसा बोलतो हे तुमच्या कानात आहे, ती तुमची ठेव आहे. 'करायलाव', 'निघालाव' म्हणणाऱ्याला 'करतूया' म्हणायला लावू नका. आणि बोलीलाच विनोद समजू नका. आपली आई घरात जशी बोलते तेवढ्यावर परका माणूस हसला तर आपल्याला कसं वाटेल, हा माझा साधा निकष आहे.

दुसरी गोष्ट पार्श्वसंगीत. एका निर्मात्याने माझ्याकडून वायरवाल्यासारख्याच एका शांत प्रसंगावर घसरगुंडीचे आणि स्प्रिंगचे आवाज टाकून घेतले होते. मी विरोध केला, ऐकलं गेलं नाही. प्रेक्षकाला 'आता हसा' म्हणून कोपराने ढोसलं की तो हसायचा थांबतो. त्या प्रसंगाखाली आधी पिठाच्या गिरणीचा आवाज होता, लांबून येणारा, एका लयीत. तोच पुरेसा होता. गिरणी काढून स्प्रिंग घातली, आणि गाव पडद्यावरून नाहीसं झालं. ते मला अजून लागतं.

शहरातून आलेला शहाणा माणूस, त्याच्या नजरेतून सगळं गाव येडं, ही तर फारच वापरून गुळगुळीत झालेली वाट आहे. बाहेरचा माणूस आणायचाच असेल तर 'वळू'तल्या अधिकाऱ्यासारखा आणा, ज्याला स्वतःचंच काही सुचेनासं होतं.

आता तुमची चावी.

व्हॉल्व्हची चावी म्हणजे ती कमरेएवढी लोखंडी टी-आकाराची, सायकलला आडवी बांधून नेतात तीच ना? मग तुमच्या हातात पडद्यावर दिसणारी वस्तू आहे, अर्धं काम झालं. वळू, सायकल, चप्पल, बक्षिसं, आणि आता चावी. या जातीच्या गोष्टीला अशी एक वस्तू लागते, जी बघताक्षणी कळते आणि जिच्यामागे सगळं गाव धावू शकतं.

पाणी सोडणारा माणूस तर विलक्षण निवडलाय तुम्ही. कोणाच्या गल्लीला आधी, कोणाला नंतर, कोणाला दहा मिनिटं जास्त, हे त्याच्या हातात. पगार किरकोळ, सत्ता आमदाराची. त्याला भांडणं माहीत, लग्नं माहीत, कोणाकडे पाहुणे आलेत ते माहीत, कारण त्या दिवशी त्या घरातली बाई दारात येऊन सांगते, 'जरा जास्त सोड.' चावी हरवते तेव्हा गाव तहानेने व्याकूळ होतं ते एका बाजूला, आणि त्याची ती सत्ता जाते ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू लिहा. पाणी तर टँकरनेही येईल.

लिहायला बसण्याआधी एक करा. येत्या शनिवारी बार्शीला गेलात की त्या माणसाबरोबर पहाटेची एक फेरी पूर्ण करा. वही नेऊ नका, नुसते सोबत चाला. चावी खड्ड्यात घालताना तो किती आटे मोजतो, मोजताना ओठ हलतात का, कोणाच्या दारापाशी मुद्दाम सावकाश जातो, कोणत्या व्हॉल्व्हशी पोचल्यावर न विचारता तुम्हाला एखादं जुनं भांडण सांगतो, ते बघा. आणि ती चावी रात्री घरात कुठे ठेवली जाते ते त्याच्या बायकोला विचारा. चावी कोणी नेली हे तुम्हाला अजून ठरवता आलेलं नसेल, तर ते तिथे ठरेल.